अवयव पाडल्यावाचून

गणित सुटावे म्हणून मी मराठीत एम.ए. केले. 'सुटावे' म्हणजे उत्तर यावे म्हणून नव्हे. पिच्छा सुटावा म्हणून! पण परवा आठवीतली माझी मुलगी वही घेऊन आली आणि तीस वर्षे चुकवलेल्या त्या सावकाराने मला घरातच गाठले.

'सरळ रूप द्या.' अंशात क्ष² − ९, छेदात क्ष² − क्ष − ६. वर क्ष², खाली क्ष². मी मोठ्या ऐटीत दोहोंवर काट मारली, चिन्हे बदलली आणि उत्तर दिले : ९/(क्ष + ६).

"बाबा, क्षच्या जागी १ घालून बघ."

घातला. मूळ राशीची किंमत आली ४/३, माझ्या उत्तराची ९/७!

"बेरीज-वजाबाकीतलं पद असं खोडता येत नाही," ती म्हणाली. "आधी अवयव पाडायचे. गुणाकारात दोन्हीकडे असेल तेच जातं."

तिने लिहिले : वर (क्ष − ३)(क्ष + ३), खाली (क्ष − ३)(क्ष + २). क्ष − ३ गेला. उरले (क्ष + ३)/(क्ष + २). आता १ घातला, तर ४/३ बरोबर आले.

विग्रह केल्यावाचून समासाचा अर्थ सांगू नका, असा मी वर्गात रोज कंठशोष करतो. आणि इथे?

"कुणी शिकवलं तुला हे?"

"आजोबांनी. चुकलं की म्हणायचे, 'पुन्हा कर.' मग येईपर्यंत शेजारी बसून राहायचे."

माझे वडील गणिताचे मास्तर. गेल्या वर्षी ते गेले. आठवीत मीही अशीच काट मारली होती, तेव्हा तेही एवढेच म्हणाले होते : 'पुन्हा कर.' ते दोन शब्द माझ्या मनात असे रुतले, की पुढे मी त्यांच्याकडे वही कधी नेलीच नाही. वडील म्हणजे कोरडा माणूस, असे सरळ रूप देऊन मी मोकळा झालो. त्या रात्री माझे उत्तर येईपर्यंत तेही जेवायचे थांबून शेजारी बसले होते, हे मी हिशेबात धरलेच नव्हते.

उत्तरापुढे मुलीने लिहिले : क्ष ३ नसावा, उणे २ही नसावा.

"उणे २चं कळलं, छेद शून्य होतो. पण ३ कशाला? तो अवयव तर आपण खोडला."

"खोडला म्हणून काय झालं? मूळ राशीत तो होताच ना! तिथे ३ घातले तर छेद शून्यच होतो. अट राहतेच, बाबा."

मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. मग पेन्सिल मागून घेतली.

"दुसरं उदाहरण घाल."

"आणि चुकलास तर?"

"तू सांग."

"पुन्हा कर," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.