शुक्रवारची पालेभाजी

इस्रायलमधल्या डिमोनात गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी भाजीच्या दुकानात जी झुंबड उडते, ती पाहून नव्या माणसाला वाटावं की उद्यापासून दुष्काळ आहे. तसं काही नसतं. शुक्रवारी दुपारी शटर खाली येतं ते शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत वर जात नाही, इतकंच. रविवारी सकाळी कामाचा आठवडा सुरू होतो, मग बाजारहाटाला सवड कुणाला? आठवड्याची भाजी एकदाच घरात येते. कांदे-बटाटे कुठेही पडून राहतात. टोमॅटो, काकडी चार-पाच दिवस तग धरतात. प्रश्न पाल्याचा असतो. कोथिंबीर, शेपू, पार्सली, पुदिना आणि लेट्यूस, म्हणजे इथली 'हसा', या पाच जुड्यांशिवाय इथलं घर चालत नाही आणि त्या पाचही जुड्या बुधवारपर्यंत जगवायच्या असतात.

रेवदंड्याला हा प्रश्नच नव्हता. पाला साठवायचा असतो ही कल्पनाच आमच्या घरात नव्हती. सकाळी बाजारातून माठाची नाहीतर मुळ्याची जुडी यायची, अळू वाडीतलंच, आणि दुपारच्या आत सगळं कढईत. पावसाळ्यात कातकरी आणि ठाकूर बायका टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी घेऊन बसायच्या. तो पाला तर सकाळी खुडलेला दुपारपर्यंतच खरा. चुकून काही उरलंच, तर आई ते ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाशेजारी ठेवायची. विड्याची पानंही तिथेच असायची. फ्रीज घरात आला तो बऱ्याच उशिरा, आणि आल्यावरही त्यात दूध, मासे आणि पाण्याच्या बाटल्या असत. पाल्याला त्यात जागा नव्हती, गरजही नव्हती.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. रायगडच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांना लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. पण घाणा बंद असला तरी गाव चालू असायचं. शनिवार आमचा होता, बाजार गावाचा होता. घरात चूल पेटली नाही तरी वाड्यापाड्यांतून पाला येतच राहायचा, आणि रविवारी सकाळी ताजी जुडी दारात. इथे शनिवार सगळ्यांचा आहे. जो दिवस तिथे आम्ही एकटे पाळत होतो, तो इथे सगळं गाव पाळतं. याचा अभिमान जरूर वाटतो, पण त्याचा पहिला फटका कोथिंबिरीला बसतो, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुसरा फटका हवेचा. अलिबागला वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डिमोनात २०० सुद्धा पडत नाही. हे नेगेवचं वाळवंट आहे. १९५५ साली गाव वसलं तेव्हा पहिली कुटुंबं मोरोक्कोतून आली, आमची माणसं त्यांच्या पाठोपाठ. वसंतात खामसीन हा कोरडा, उष्ण वारा सुटतो, त्या दिवसांत हवेतली आर्द्रता दहा-पंधरा टक्क्यांवर येते. दुकानात टवटवीत असलेली जुडी घरी पोचेपर्यंत मान टाकते. सासूबाई सांगायच्या, त्या आल्या तेव्हा घरोघरी फ्रीज नव्हते. गाडीवरून बर्फाची लादी विकत घ्यायची आणि पत्रा मारलेल्या लाकडी पेटीत ती ठेवून तिच्या गारव्यावर दूध-भाजी सांभाळायची. तो बर्फ वितळून पेटीत ओल राहायची, म्हणून त्यातली भाजी नंतरच्या विजेच्या फ्रीजपेक्षा जास्त टवटवीत असायची, असं त्यांचं ठाम मत होतं. मी तेव्हा हसायचे. आता त्यांचं म्हणणं पटतं.

कारण फ्रीज हे थंड करणारं यंत्र असलं तरी ते सुकवणारंही यंत्र आहे. हल्लीच्या फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही, याचं आपल्याला कौतुक. पण तो साचत नाही कारण आतल्या हवेतलं पाणी मागच्या गार नळ्यांवर गोठतं, ठरावीक वेळाने वितळवलं जातं आणि नळीवाटे खाली वाहून जातं. मग पंखा तीच कोरडी हवा सगळीकडे फिरवत राहतो. ते पाणी येतं कुठून? उघड्या ठेवलेल्या भाजीच्या अंगातून. लेट्यूसच्या पानात शंभरातले ९५ भाग पाणीच असतं. रायगडकरांना हे वेगळं सांगायला नको. पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला भरतो, वालाच्या शेंगा भरतो, पण पाण्याचा थेंब घालत नाही. तरी शेंगा शिजतात त्या शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या पाण्यावर. तेच पाणी फ्रीज रोज थोडं थोडं चोरत असतो.

खुडलेलं पान मेलेलं नसतं, हे लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. ते श्वास घेत असतं, साठवलेली साखर जाळत असतं आणि पाणी सोडत असतं. थंडीत हा श्वास मंदावतो. लेट्यूसला शून्याच्या जवळपासचं तापमान आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवते. घरातला फ्रीज तीन-चार अंशांवर चालतो, तेवढं पुरे. मात्र मागच्या भिंतीला टेकलेलं पान गोठतं, काचेसारखं होतं आणि बाहेर काढलं की काळं पडून गळतं. दाराचा कप्पा उलट सगळ्यात उबदार, तो बाटल्यांसाठी सोडावा. पाल्याची जागा खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये. त्या ट्रेला जी छोटी सरकती खिडकी असते, ती बऱ्याच घरांत विकत घेतल्यापासून कुणी हलवलेली नसते. पाला असेल तर ती बंद ठेवायची, म्हणजे आतली ओल आत राहते.

आता मुख्य वाद. अलिबागची माझी मावसबहीण फोनवर बजावते, "पाला धुऊन ठेवू नकोस गं, कुजतो." शेजारची मोरोक्कन बाई म्हणते, धुतल्याशिवाय घरात घेऊच नकोस. दोघीही आपापल्या हवेत बरोबर आहेत. मावसबहिणीच्या घरात जूनपासून हवाच ओली, तिथे पानावर पाणी राहिलं की ते सुकतच नाही. पानाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर असला की जिवाणूंना आयतं पीठ मिळतं, आणि दोन दिवसांत जुडी बुळबुळीत होते. शेजारणीच्या घरात धुतलेलं पान अर्ध्या तासात कोरडं होतं. आणि तिला धुण्यावाचून गत्यंतर नाही, कारण इथे धुणं हा चवीचा नाही, धर्माचा भाग आहे.

आमच्या धर्मात किडे खाणं निषिद्ध. पालेभाजीत मावा असतो, फुलकिडे असतात, आणि ते लेट्यूसच्या घडीत लपून बसतात. त्यामुळे सोवळ्या घरात गड्डा सुटा करतात, पानं पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून भिजवतात, खळखळून धुतात आणि एकेक पान उजेडापुढे धरून पाहतात. हरितगृहात जाळीआड वाढवलेला, किड्यांपासून राखलेला पाला पिशवीवर तसा शिक्का मारून विकला जातो. तो महाग असतो. मी साधा गड्डा घेते आणि शुक्रवारी सकाळी खिडकीपाशी उभी राहून पानं तपासते. माठ निवडायला बसणाऱ्या आईच्या लेकीला हे काम काही जड नाही.

सगळं गणित या दोन भांडणाऱ्या बायांच्या मधोमध आहे. पानाचं अंग कोरडं हवं आणि भोवतालची हवा दमट. एवढं साधलं की धुतलं काय, न धुतलं काय, पाला टिकतो. धुतलेली पानं मी फिरकीच्या चाळणीत घालून गरगर फिरवते. ती नसेल तर सुती पंच्यात घालून चार कोपरे धरून गॅलरीत झटकावीत (शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे लक्ष ठेवून). मग झाकणाच्या डब्याच्या तळाशी कोरडा पंचा किंवा कागदी टॉवेल, वर पानं सैलसर, वर पुन्हा एक घडी आणि झाकण. दाबून भरायचं नाही, चिरडलेल्या पानापासून सड सुरू होते. दोन दिवसांनी कापड ओलं लागलं की बदलायचं. एखादं पान पिवळं किंवा मऊ दिसलं तर तेवढंच काढून टाकायचं, त्याच्या दयेपोटी बाकीची जातात. आईचं ओलं फडकं इथे कोरडं झालं आहे, पण दोन्हींचं काम एकच. ओल्या फडक्याने माठाशेजारी ओल दिली, कोरडं फडकं बंद डब्यात जादा ओल टिपून घेतं.

कोथिंबिरीची तऱ्हा वेगळी. ती देठांसकट येते, म्हणून तिला फुलासारखं वागवावं. देठांची टोकं कापून पेल्यात दोन बोटं पाण्यात उभी करायची, वरून पिशवी सैल ओढायची आणि फ्रीजमध्ये. पाणी एक दिवसाआड बदलायचं. तुळशीच्या जातीचा बेझिल मात्र फ्रीजमध्ये घालू नये. त्याला थंडी बाधते आणि पानं काळी पडतात. तो ओट्यावरच पेल्यात उभा राहू दे. मेथी मुळांसकट मिळाली तर मुळं वापरायच्या वेळेपर्यंत तोडू नयेत.

आणखी एक शत्रू फळांच्या टोपलीत बसलेला असतो. सफरचंद, पिकलेलं केळं, आंबा, खरबूज ही फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने पाला लवकर पिवळा पडतो आणि लेट्यूसच्या शिरांवर तांबूस डाग उठतात. आंबे पिकवायला अढी घालणाऱ्यांना हा वायू नावाने नाही तरी गुणाने ठाऊक आहे. अढीत जे हवंसं असतं, तेच पाल्याच्या ट्रेमध्ये नको.

शुक्रवारी संध्याकाळी फ्रीजला आणखी एक अट असते. सब्बाथला, म्हणजे या संध्याकाळपासून पाळायच्या शनिवारी, विजेचा दिवा लावायचा नाही, आणि फ्रीजचं दार उघडलं की आतला दिवा आपोआप लागतो. म्हणून कुणी दिवा आधीच काढून ठेवतं, कुणी बटणावर चिकटपट्टी लावतं. काही फ्रीजमध्ये सब्बाथसाठी वेगळी सोय असते. अंधाऱ्या फ्रीजमध्ये चाचपून कोथिंबिरीचा पेला उपडा करण्याचा मान आमच्या घरातल्या प्रत्येकाने मिळवलेला आहे.

या सगळ्याचा कळस पेसाहच्या आठवड्यात. आमचे जुने लोक कोकणात या सणाला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत. अनास म्हणजे आंबट चटणीचं भांडं, ते त्या आठ दिवसांत झाकून ठेवायचे. इजिप्तमधल्या गुलामीच्या आठवणीसाठी पहिल्या रात्री कडू पाला खायचा असतो, आणि ग्रंथांत त्या कडू पाल्यांच्या यादीत पहिलं नाव लेट्यूसचं. त्यामुळे सणाच्या आधल्या दोन दिवसांत सगळ्या देशाच्या फ्रीजमध्ये लेट्यूसच लेट्यूस. सण मार्च-एप्रिलमधला, म्हणजे खामसीनचे दिवस. तीस माणसांच्या पंगतीसाठी आणलेला पाला कोमेजला तर सासरी बोलायला विषय मिळतो. अशा वेळी मान टाकलेली पानं अर्धा तास बर्फाच्या पाण्यात बुडवावीत. पेशी पाणी ओढून पुन्हा ताठ होतात. ही युक्ती कोमेजलेल्याला चालते, कुजलेल्याला नाही. वास आला की टाकून द्यावं.

कच्चा पाला खायची सवय आम्हा कोकणातल्यांना इथे येऊन लागली. तिथे कोथिंबीर आणि पुदिना सोडले तर पाला कढईतून गेल्याशिवाय पानात येत नव्हता, आणि कोशिंबीर म्हटली की काकडी नाहीतर गाजर. रानातल्या पाल्याची ओढ मात्र इथल्यांनाही आहे. हिवाळ्यात दोन सरी पडल्या की 'खुबेझा' उगवतो, आणि १९४८ साली यरुशलेमला वेढा पडला तेव्हा लोकांनी तो खुडून पोट भरलं. मी तो लसूण-मिरचीची फोडणी देऊन टाकळ्यासारखा करते. तो फ्रीजमध्ये कधीच जात नाही.

राहिली धुऊन-चिरून पिशवीत भरलेली पानं. माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे. चिरलेलं पान म्हणजे चारही बाजूंनी जखमा झालेलं पान, ते अख्ख्यापेक्षा वेगाने पाणी सोडतं आणि लवकर तपकिरी पडतं. पिशवीत भरताना आतली हवा बदललेली असते, म्हणून दुकानात ती ताजी दिसतात. घरी पिशवी एकदा फोडली की ते संरक्षण संपतं. अख्खा गड्डा नीट ठेवला तर आठवडा सहज काढतो, फोडलेली पिशवी दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, आणि पैसे पिशवीचे जास्त. मुंबई-पुण्यात आता या पिशव्या सगळीकडे दिसतात असं मावसबहीण सांगते. तुमच्या दारात अजून सकाळी जुडी येत असेल तर ती जुडीच घ्या.