कळ आणि मुके जीव

कमरेच्या मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूचे मूळ दबले आणि रहाटणीच्या घरात मी महिनाभर अंथरुणाला खिळलो. विजेसारखी कळ पोटरीपर्यंत जाई. ती कुठे, कशी, हे डॉक्टरांना मी निदान शब्दांत सांगू शकत होतो.

ज्यांच्या जिवावर या वेदनेचे ज्ञान उभे आहे, त्यांना ती सोय नव्हती. १९८८ मध्ये बेनेट व शी यांनी उंदरांच्या मांडीतील मज्जातंतूभोवती धाग्याच्या चार सैल गाठी बांधल्या. पाय किती लवकर मागे घेतला जातो, यावरून वेदना मोजली. १९९३ मध्ये स्वीडनच्या ओल्मार्कर व सहकाऱ्यांनी डुकरांच्या मज्जातंतूमुळांवर चकतीचा गर नुसता ठेवला. दाब नसतानाही मुळे बिघडली. दोष केवळ दाबाचा नसतो, हे त्यातून दिसले.

प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा आपला १९६० चा कायदा सांगतो, लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठ्यांवर प्रयोग टाळावेत. हा हिशेब मला पटत नाही. डुक्कर काय, उंदीर काय, आपल्या शास्त्रात दोघेही पंचेंद्रियच.

मला मिळालेली प्रीगाबालिनची गोळीही अशाच उंदरांवर तपासलेली. कळ परतेल या धास्तीने ती अजून थांबवलेली नाही. घरी चोविहार असतो, म्हणून सूर्यास्तापूर्वीच घेतो.