बनारसी अत्तराला द्या तासभराची सवड

काशीयात्रेहून परतणाऱ्या मराठी माणसाच्या पिशवीत गंगाजलाचा गडू असतो, जमल्यास बनारसी साडी असते आणि पुष्कळदा कापसात गुंडाळलेली अत्तराची इवलीशी कुपीही असते. घरी कुपी उघडली की मात्र प्रश्न पडतो : दुकानात घेतलेला वास हाच का? ‘फसवले मेल्याने’ म्हणून ती कपाटात मागे ढकलली जाते. फसवणूक होत नाही असे नाही. पण दर वेळी दोष दुकानदाराचा नसतो. दर्शनाच्या घाईत असलेला यात्रेकरू अत्तराला दोन मिनिटे देतो आणि त्याला लागतो चांगला तासभर.

बनारसला सुगंधाचे वेड जुने. मोगऱ्याला इथे ‘बेला’ म्हणतात. चैत्रातल्या ‘गुलाबबारी’च्या मैफलींत गाण्याबरोबर गुलाबपाकळ्या आणि गुलाबपाणी उधळले जाते. गंगेच्या खालच्या अंगाला असलेल्या गाझीपूरच्या गुलाबांचे वर्णन बिशप हेबर यांनी १८२४ च्या प्रवासात केले आहे. चौकाजवळच्या गल्ल्यांत विकले जाणारे अत्तर मात्र बरेचसे कन्नौजचे. तिथे तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या ‘भपक्या’त उतरते आणि तिथले चंदनाचे तेल तिच्यातला गंध शोषून घेते. चंदनतेल महागल्यापासून त्याच्या जागी द्रव पॅराफिनही वापरले जाते. अत्तराच्या भावात एवढी तफावत का, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

हल्ली कोलोनच्या धाटणीची, लिंबू-संत्र्याची सलामी देणारी ताजी मिश्रणेही मिळतात. घोळ होतो तो त्यांच्याच बाबतीत. लिंबूवर्गी फळांच्या सालीतले तेल हलके असते, अंगाच्या उबेने पंधरा-वीस मिनिटांत बरेचसे उडून जाते. दुकानात मोहवते ते नेमके हेच! त्यामागून फुले वर येतात. मोगरा, गुलाब किंवा कडू संत्र्याचा मोहोर. ती दोन-तीन तास रेंगाळतात. सर्वांत शेवटी चंदन, वाळा असे जड गंध उरतात. कोरड्या त्वचेवर हा सारा प्रवास लवकर आटोपतो, तेलकट त्वचेवर लांबतो. म्हणूनच मैत्रिणीच्या हातावर आवडलेले अत्तर आपल्या हातावर तसेच राहील, याची खात्री नाही.

उपाय सोपा आहे आणि बनारसमध्ये तर सुखाचासुद्धा. दोन्ही मनगटांवर वेगवेगळी दोन अत्तरे लावून घ्यावीत. तीनच्या वर वास घेतले, तर नाक कामातून जाते. पैसे न देता दुकानाबाहेर पडावे. जाणता अत्तरवाला याचा राग मानत नाही. चौकातून दशाश्वमेध घाटावर पोचेपर्यंत लिंबू मावळू लागलेले असते. मग नदीच्या काठाने उत्तरेकडे चालत निघावे. मणिकर्णिकेवरच्या चितांच्या धुरात हाताचा वास घेण्यात अर्थ नाही, आणि तिथे ते शोभतही नाही. पुढे शिंदे घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि पंचगंगा ओलांडून दुर्गा घाट, ब्रह्मा घाट लागतो. या भागात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेव्हा गप्पांत वेळ सहज जातो. पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात. तेव्हा हीच वाट गल्ल्यांतून काढावी.

लिंबूवर्गी अत्तर असेल तर तो भाग उन्हापासून झाकलेला बरा. बर्गमॉट, लिंबू यांच्या काही तेलांमुळे उन्हात कातडीवर काळपट डाग पडतात. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला निघावे, म्हणजे आरतीही पदरात पडते.

आता मनगट नाकाशी न्यावे. एका हातावर काहीच उरले नसेल. दुसऱ्यावर कदाचित मऊसा मोगरा आणि त्याच्या तळाशी चंदन सापडेल. हा गंध दुकानातल्यापेक्षा अगदी निराळा असतो आणि घरी गेल्यावर सोबत राहणार असतो तोच. तो आवडला तर चौकात परतून त्याची कुपी मागावी. नाही आवडला, तर दुसऱ्या दिवशी मनगटे धुऊन पुन्हा दोन अत्तरे.