पीस कुणाचं?

लंडनला गेलात की ग्रिनिचच्या त्या फेमस रेषेवर उभं राहून फोटो काढालच. मग जवळच क्रूम्स हिलवरच्या फॅन म्युझियममध्येही डोकवा. १९९१ साली सुरू झालेलं हे म्युझियम फक्त हातपंख्यांचं! पंखे बनवायचे वर्कशॉपही इथे होतात. काड्या एका खिळीत ओवायच्या, रेशमाला बारीक घड्या घालून त्यांवर चिकटवायचं, वर पिसांची झालर. एकदम क्लासी! पण हॅट नि पंख्यांवरच्या याच पिसांच्या हौसेपायी आपल्याकडचे बगळे ऐन विणीच्या हंगामात मारले जात. १९०२ मध्ये भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद झाली. ब्रिटनने आयातबंदीचा कायदा केला थेट १९२१ साली. शहामृगाचं पीस मात्र पक्षी न मारता कापून घेता येतं. तेव्हा पंखा आवडला, तर किमतीआधी विचारा, पीस कुणाचं?