नाचणीचं सत्त्व आणि बियर

घरी बियर करायला नवशिक्याला काय काय लागतं? मोड आणून वाळवलेले सातू, हॉप्स नावाची कडवट फुलं, यीस्ट आणि पाणी. बस्स! मला हे कळलं ते भाच्यामुळे. तो असतो इंग्लंडला. तिथे १९६३ पासून घरच्यापुरत्या बियरला लायसन लागत नाही, त्यामुळे साहेब स्वयंपाकघरातच करतात. दिवाळीत आमच्याकडे खोपटला आला आणि म्हणाला, "मामा, इथे करून बघू या?"

कृती त्याने छान समजावली. धान्याला मोड आले की त्यातली एन्झाइम्स जागी होतात. ते वाळवून, भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे पिठूळपणाची साखर होते. ते गोड पाणी गाळून, हॉप्स घालून तासभर उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. त्याच्या बियरच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, म्हणजे ठाण्यात थंडीतली एखादी पहाट! तेव्हा फ्रीजची काहीतरी सोय करावी लागणार.

आई नुसती ऐकत होती. म्हणाली, "अरे, भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं... हे तर नाचणीचं सत्त्व. तुला लहानपणी हेच भरवलंय." भाचा बघतच राहिला. बियरची पहिली पायरी आजीला पाठ होती!

पण पुढची पायरी आपल्याकडे कायद्यात अडकते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि बियरही त्यात आली. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं (नाव आपल्या देवळालीवरून आलेलं बरं का), तेही परवाना काढूनच.

भाच्याला हे पटेना. "बियरमध्ये तसलं विष होत नाही मामा. मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने." यात चूक काहीच नव्हती.

उत्तर ताईने दिलं. "मला विषाची भीती नाही रे. तुझे आजोबा सरकारमान्य दुकानातलीच प्यायचे. चांगली, शुद्ध. घर त्यानेच गेलं. घरात तो वास पुन्हा नको, एवढंच."

कोणी काही बोललं नाही. भाच्याने आजोबांना पाहिलेलं नव्हतं, आणि ताईने त्याला हे कधी सांगितलंही नव्हतं. मला वाटतं, कायद्यापेक्षा त्या दोन वाक्यांनी त्याला थांबवलं. तो तिकडे बियर करतो म्हणून ताई त्याला रागावली नाही, हेही सांगायला हवं.

मग त्याने आजीकडून आंबील शिकून घेतली. नाचणीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पाणी, मीठ, जिरं घालून शिजवायचं. आंबवणं इथेही आहेच, फक्त काम मुख्यतः यीस्टऐवजी ताकातल्या जिवाणूंचं, आणि मिळतं ते आम्ल.

असो. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर नाचणी रात्रभर भिजवा, उपसून ओल्या फडक्यात बांधा, दीड-दोन दिवसांत मोड येतात. पुढचं आईला विचारा. आणि तिने अजून जे सांगितलं नसेल, तेही विचारा.