लिहून घ्या

पहिल्या तासाला मी खडू हातात घेतला, परत ठेवला आणि जाहीर केलं, "माझ्या तासाला नोट्स मिळणार नाहीत. इतिहास लिहून घ्यायचा नसतो, त्यावर बोलायचं असतं." पुढच्या तीन बाकांवरच्या मुली पेनांची टोपणं काढून तयारीत बसल्या होत्या. त्यांनी ती पुन्हा लावली. वीसेक टोपणांचा टक् टक् आवाज झाला आणि मला तो तेव्हा फार आवडला.

हे जुलै २०२२ मधलं. आज त्याच वर्गात तासातला निम्मा वेळ मी "लिहून घ्या" म्हणत असते. "पूर्णविराम, पुढचा परिच्छेद" असंही म्हणते. दिल्लीतल्या मैत्रिणींना हे अजून सांगितलेलं नाही.

दिल्लीत मी सात वर्षं होते. जेएनयूत एम.ए., तिथंच पीएच.डी.; विषय अठराव्या शतकाच्या अखेरची मराठेशाही. आमचं सगळं शिकणं बोलण्यातून झालं. सेमिनारला आठ-दहा जण, प्रत्येकाच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा, आणि सर एक प्रश्न टाकून मागे रेलून बसायचे. तोच वाद रात्री ढाब्यावर चहाबरोबर चालू राहायचा. 'डिक्टेशन' हा शब्द आमच्यात शिवीसारखा वापरला जाई. ज्याला शिकवता येत नाही तो लिहून देतो, असं मी स्वतः कितीदा म्हटलं असेल.

तोंडी परीक्षा झाली आणि जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीएचबीची जागा मिळाली. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व: जितके तास तितके पैसे, सुट्टीत शून्य, आणि झालेल्या तासांचे पैसेही वर्षातून दोनदा, तेसुद्धा आठवण केल्यावर. कायम जागेचं विचारलं तेव्हा एका कार्यालयात मला एक आकडा हळू आवाजात सांगण्यात आला होता. तो ऐकून मी सीएचबीवर समाधान मानलं. त्याबद्दल इथं इतकंच.

पुस्तकांची ट्रंक घेऊन सचखंड एक्स्प्रेसनं निघाले. अमृतसरहून नांदेडला जाणारी ही गाडी, वाटेत लंगर. द्रोणातली खिचडी खात मी स्वतःच्या मोठेपणात रमले होते. निजामाच्या राजवटीत स्वामी रामानंद तीर्थ एम.ए. करून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले होते, ते आठवत होतं. तुलना करायची लाज वाटायला हवी होती, पण गाडीत बाजूला कुणी ओळखीचं नव्हतं.

आमचं मूळ घर सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. मी जालन्याला चालले म्हटल्यावर आई म्हणाली, "तिकडनं माणसं इकडं येत्यात आणि तू तिकडं चाललीस व्हय?" तिचा रोख ऊसतोडीवर होता. लहानपणी मला मराठवाडा तेवढाच माहीत. दिवाळी झाली की शिवारात कोप्या उभ्या राहायच्या, पहाटे फडात कोयत्यांचा आवाज यायचा, आणि शाळेत जाताना कोपीबाहेर आमच्याच वयाची पोरं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसलेली दिसायची. ती शाळेत का येत नाहीत, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नाही. मीही नाही.

माझ्या अज्ञानाचा आणखी एक नमुना. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत 'भोगवर्धन' गावचे लोक आहेत. हे मी दिल्लीच्या ग्रंथालयात वाचून कार्डावर टिपूनही ठेवलं होतं. ते भोगवर्धन म्हणजे भोकरदन. माझ्या वर्गातली आठ-दहा मुलं रोज तिकडून एसटीनं यायची. तिथं उत्खनन झालंय, हस्तिदंती मूर्ती सापडलीय, हे मुलांना ठाऊक नव्हतं. आणि ते भोकरदन इथून एका एसटीच्या अंतरावर आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

तर चर्चा. मी उतारे निवडायची, झेरॉक्स स्वतःच्या पैशांनी काढायची आणि विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" वर्ग गप्प. गावातच राहणारी तीन मुलं बोलायची. एकाचे वडील वकील, एकाचे शिक्षक, तिसऱ्याचं बियाण्याचं दुकान. चौथं कुणी नाही. मुली वहीत मान घालून बसत, पण वहीत काही नसे. सव्वाला तास संपायचा आणि दीडच्या एसटीसाठी निम्मा वर्ग धावत सुटायचा. तिसऱ्या आठवड्यात मी एका मैत्रिणीला लिहिलं: इथल्या मुलांना विचार करायची सवयच नाही. ते वाक्य अजून माझ्या फोनमध्ये आहे. मुद्दाम पुसलेलं नाही.

डिसेंबरात दुसरं सत्र सुरू झालं आणि वर्ग एकदम विरळ झाला. हजेरीत मी लाल शाईनं रेघा मारत गेले. जानेवारीत एका संध्याकाळी फोन आला. मागच्या बाकावरची, मंठ्याकडची मुलगी.

"मॅडम, कुठवर झालं?"

मी जरा तडकूनच विचारलं, "तू कुठं आहेस?"

"तुमच्याच तालुक्यात हाओत न मॅडम. वाळव्याला. घरची टायरगाडी हाय, भावाबरोबर आलेय."

मला काही सुचेना. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो आवाज मी ओळखला. त्या रस्त्यावरूनच मी शाळेत जायची.

"मॅडम, वर्गात काय काय झालं ते पाठवता का? फोटो काढून."

"वर्गात चर्चा झाली," मी म्हणाले.

"हां, मग तीच पाठवा न."

चर्चा कशी पाठवणार? मी फोन ठेवला आणि माझं टिपणांचं पुस्तक उघडलं. त्यात इंग्रजीत तुटक शब्द होते, बाण होते, दोन प्रश्नचिन्हं होती. दीड महिना मी जे शिकवलं होतं, ते वर्गाच्या चार भिंतींबाहेर नेता येईल असं कुठंच नव्हतं. वकिलांच्या मुलाच्या डोक्यात थोडं असेल, आणि त्याला माझी तशी गरजही नव्हती.

त्या रात्री मी नोट्स लिहायला बसले नाही. माझी अक्कल तेवढ्या लवकर ठिकाणावर येत नाही. उलट आठवडाभर मी युक्तिवाद शोधत होते: ही व्यवस्थेची चूक आहे, हंगामी स्थलांतराचा प्रश्न सरकारनं सोडवायचा आहे, त्यासाठी मी माझी पद्धत का बिघडवू? यातलं पहिलं खरंच आहे, दुसरंही. मराठी विभागात एक ज्येष्ठ सर आहेत, निवृत्तीला आलेले, धोतर नाही पण बोलणं धोतरातलं. स्टाफरूममध्ये मी हे सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मॅडम, दासबोध काय चर्चासत्रात झाला का?"

समर्थ रामदास याच जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं जन्मगाव, साल १६०८. शिवथरघळीत समर्थांनी सांगितलं आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतलं, ही परंपरा शाळेतली पोरंही सांगतील. पण सरांनी पुढं जे सांगितलं ते मला नवं होतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सबंध लेखनक्रियेवर आहे: अक्षर कसं घोटावं, ओळी कशा राखाव्यात, लेखणी, शाई, कागद कसे असावेत. मी घरी येऊन तो वाचला. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात एका माणसाला शाईचीही काळजी वाटली. ज्याला गावोगाव मठ चालवायचे होते, आणि प्रत्येक मठात स्वतः जाता येणार नव्हतं, त्याला वाटणारच. मी दिल्लीत कागदाची काळजी कधी केली नव्हती, कारण कागद नेहमी समोर होता. ग्रंथालय रात्रभर उघडं असायचं. चर्चा तिथं परवडत होती, कारण विसरलेलं सगळं कपाटात होतं. इथं कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या विषयाची मराठी पुस्तकं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेकांच्या घरात गाइड सोडून दुसरं पुस्तक नाही. तिथं दोनशे पानी वही हेच पुस्तक.

२०२३ च्या जुलैपासून मी सांगू लागले आणि वर्ग लिहू लागला. टोपणं निघाली. पहिल्या दिवशी मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, हे कबूल करते. पण मुली पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. पुढचं वाक्य हवं होतं त्यांना.

त्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर एसट्या बंद राहिल्या, वर्ग भरेना. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. तरी वह्या फिरत होत्या. लग्न होऊन जाफराबादला गेलेल्या एकीनं घरून परीक्षा दिली ती मैत्रिणीच्या वहीवर. सैन्यभरतीच्या तयारीला गेलेला एक जण पहाटे धावून आल्यावर फोटोतून उतरवून घ्यायचा. एका वहीवर तर तिघींची नावं दिसली, तिन्ही वेगवेगळ्या शाईत.

आता तोटा सांगते, कारण तोटा आहेच. असईची लढाई शिकवत होते. असई जालना जिल्ह्यातलं, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि कंपनीची फौज भिडली. कंपनीची दीड हजारांहून जास्त माणसं ठार-जखमी झाली. माझ्या प्रबंधात या लढाईवर दहा पानं आहेत. आणि तरी मी बोलण्याच्या ओघात सांगून बसले: गव्हर्नर जनरल वेलस्ली याने स्वतः सैन्याचे नेतृत्व केले. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली. असईला लढला तो त्याचा धाकटा भाऊ आर्थर, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. चाचणीचे ५२ पेपर तपासले. ४९ जणांनी माझी चूक स्वल्पविरामासकट परत केली होती. कानशिलं तापणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मैत्रिणींना जे मी वर्षानुवर्षं सांगत आले होते त्याचा पुरावाच टेबलावर पडला होता.

दुसऱ्या दिवशी वह्या मागवल्या. असईकडच्या एका मुलाच्या वहीत माझं वाक्य होतं आणि त्याखाली पेन्सिलनं बारीक अक्षरात: हा नाही. याचा लहाना भाऊ.

"तुला कसं माहीत?"

"आजोबा सांगायचे. नकाशे घेऊन लोक येतेत न आमच्याकडं बघायला."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही लिहून घ्या म्हणलात, लिहून घेतलं. खरं खाली लिहून ठेवलं."

"आणि चाचणीत?"

"चाचणीत तुमचंच लिहिलं, मॅडम. मार्क पाहिजेत न."

मी खूप हसले, आणि मग बराच वेळ ती पेन्सिलची ओळ बघत बसले. सबंध वर्षभर मी "तुम्हाला काय वाटतं?" विचारत होते तेव्हा हा मुलगा एक शब्द बोलला नव्हता. माझं वाक्य कागदावर आलं, त्याच्या हस्ताक्षरात आलं, तेव्हा त्याला ते खोडावंसं वाटलं. त्या दिवसापासून मी सांगते: डाव्या पानावर लिहून घ्या, उजवं पान कोरं ठेवा. पटलं नाही, कळलं नाही, घरी कुणी वेगळं सांगितलं, ते उजवीकडे. बहुतेकांची उजवी पानं कोरीच राहतात. काहींच्या वहीत तिथं मेंदीची नक्षी असते. दिल्लीत असते तर या कोऱ्या पानांचं मला वाईट वाटलं असतं. आता वह्यांची किंमत माहीत आहे म्हणून वाईट वाटतं: निम्मा कागद वाया.

मंठ्याची मुलगी त्याही हिवाळ्यात वाळव्याला गेली. या वेळी मैत्रिणी तिला रोज पानांचे फोटो पाठवत होत्या. ती मार्चअखेर परत आली, परीक्षेच्या तोंडावर, हाताला कोयत्याचे घट्टे, आणि वही दाखवायला स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. डावी पानं स्वच्छ उतरवलेली. उजव्या पानांवर हिशोब: तारीख, खेपा, टन, उचलीतून किती वळते झाले. असईच्या पानापाशी मी थांबले. मी सांगितलं होतं, 'तोफा मागे सोडून वेलस्लीने पायदळ पुढे काढले.' त्यासमोर, दोन खेपांच्या आकड्यांच्या मधे, तिनं लिहिलं होतं: तोफा मागे का सोडल्या? बैल मेले का?

मी ते वाक्य प्रबंधात लिहिलं होतं, दोनदा तपासलं होतं, आणि त्यावर एकदाही थांबले नव्हते. रात्री वेलस्लीच्या पत्रव्यवहाराचा खंड काढला. समोरच्या तोफांच्या माऱ्यात गोलंदाज पडले होते आणि तोफा ओढणारे बैल पडले होते. म्हणून तोफा तिथंच राहिल्या.

यंदाच्या वर्गासाठी त्या नोट्समध्ये मी बैलांचं एक वाक्य वाढवलं आहे.