न दिसणारे ऊन

सोलापूरचे ऊन दिसत नाही असे म्हटले तर येथील मंडळी मला वेड्यात काढतील. वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर जातो, भर दुपारी रस्ते ओस पडतात, आणि लिंबाच्या सावलीत उभी राहिलेली जनावरेदेखील हलावयास तयार नसतात. तरीही मी म्हणतो की, या उन्हाचा अत्यंत घातक अंश डोळ्यांना दिसत नाही. तो मला एका लहानशा बाटलीत सापडला, आणि तोही फार उशिरा.

आमची आई पुष्कळ वर्षे इन्सुलिनवर आहे. पथ्याच्या बाबतीत ती इतकी करारी की, संक्रांतीचा तिळगूळ हाती पडताच तो ती नातवाच्या तळहातावर ठेवून मोकळी होते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मात्र तिच्या रक्तातील साखर एकाएकी चढू लागली. मात्रा तीच, वेळ तीच, भाकरीही तेवढीच. पण आकडा काही तीनशेच्या खाली येईना. अशा वेळी घरातील शहाणी माणसे जो तर्क करतात तोच आम्ही केला, आणि त्या शहाण्यांत मी आघाडीवर होतो. "आई, खरे सांग, तू चोरून काही खातेस का?" असे मी तिला विचारले. तिने सिद्धेश्वराची शपथ घेतली. मी मान डोलावली, आणि त्याच रात्री साखरांब्याच्या काचेच्या बरणीवर, पाक जेथवर होता तेथे, शाईची एक बारीक रेघ ओढून ठेवली! आठ दिवस ती रेघ आणि तो पाक एकमेकांना सोडीनात. साखर चढतच राहिली.

डॉक्टरांनी आईला काहीच विचारले नाही, मला विचारले, "ही बाटली आली कशी?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. नेहमीच्या दुकानी माल संपला होता, म्हणून दुकानदाराने ती पुण्याहून मागविली होती. पुणे येथून सुमारे अडीचशे किलोमीटर. ती पार्सलातून आली, एवढेच त्यालाही ठाऊक. गाडीच्या टपावर आली की आतल्या बाजूस, भर दुपारी किती वेळ कोठे पडून राहिली, सोबत बर्फ होता की नाही, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. मग आमच्या घरची वीज दोनदा गेली होती, तो दोष निराळाच. नवी बाटली आणली आणि चार दिवसांत आकडे उतरले. साखळीचा कोणता दुवा निखळला होता, हे मला आजतागायत कळलेले नाही.

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडल्यावर ती साध्या हवेत सुमारे चार आठवडे टिकते, परंतु ही साधी हवा म्हणजे २५-३० अंशांची, आमच्या माडीवरची नव्हे. दूध नासले की फाटते, तूप बिघडले की वास मारते. हे मात्र निकामी झाल्यावरही पूर्वीसारखेच नितळ दिसू शकते. बरे, थंडी जितकी अधिक तितके उत्तम, असेही नाही. एकदा गोठले की तेही टाकून द्यावयाचे.

१ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या देशात तीनशे औषधांच्या वेष्टनांवर एक चौकोनी संकेतचिन्ह छापणे सक्तीचे झाले आहे. आमच्या डब्यावरही ते होते. भ्रमणध्वनी त्यावर धरताच कारखाना, घाण्याचा क्रमांक, बनविल्याची व मुदत संपण्याची तारीख, सारे समोर आले. जन्मपत्रिका उत्तम होती. प्रवासाची हकीकत तेवढी नव्हती. १२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याहून कोव्हिशील्डच्या पेट्या निघाल्या तेव्हा वाहनांची पूजा झाली होती आणि साऱ्या देशाचे डोळे त्या गाड्यांकडे लागले होते. आमच्या बाटलीकडे डोळे लावून बसलेले कोणी नव्हते.

त्यानंतर काही महिन्यांनी धाकट्या भावाच्या मुलीला लस टोचून घेण्यासाठी मी आरोग्य केंद्रात गेलो. तेथील परिचारिकाबाई शीतकपाटातून काढलेली बर्फाची चपटी डबी कानाशी धरून हलवीत होत्या. बाजारात नारळ पारखावा तशी! आत पाणी खळखळल्याशिवाय ती डबी लसीच्या पेटीत जात नाही, नाहीतर कडक बर्फाला टेकून लस गोठते. मग त्यांनी बाटलीवरचे एक वर्तुळ दाखविले. त्याच्या पोटात फिकट चौकोन असतो. बाटलीला जितकी उष्णता लागेल तितका तो काळवंडत जातो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की बाटली फेकावयाची. "काका, ही बाटली आपल्यापाशी खोटे बोलत नाही," बाई सहज म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे बरणीवरची रेघ आली. खूण कोठे करावयास हवी होती आणि मी ती कोठे केली होती!

औषधाने उन्हातून सुखरूप कसे पोचावे, हा प्रश्न तसा जुनाच आहे. जेन्नरची देवीची लस समुद्रमार्गे हिंदुस्थानात आणण्याचे पहिले प्रयत्न फसले. वाटेतच तिचा गुण जाई. अखेर ती व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरामार्गे आली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. तिच्या दंडावरच्या फोडातील लस दुसऱ्या मुलांना, त्यांच्यापासून तिसऱ्यांना, अशी ती पुढे पुण्याकडे, हैदराबादकडे, मद्रासकडे गेली. बर्फ नव्हता, म्हणून मुलांचे दंडच पेट्या झाले. त्या लेकरांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही. ॲनाचे नाव मात्र दोनशे वर्षांनंतरही आपल्याला सांगता येते.

मी आईची क्षमा मागितली नाही. आमच्या घरांत मुलगे आईची क्षमा मागत नसतात. हे चांगले असे माझे म्हणणे नाही. मी एक तापमापक आणला, तो शीतकपाटात ठेवला, आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत टिपू लागलो. दुकानदाराकडे मी आता थर्मासची बाटली आणि आत बर्फ घेऊन जातो. तो हसतो, पण औषध स्वतःच्या हाताने आत ठेवतो. बरणीवरची रेघ मी ओल्या फडक्याने पुसून टाकली. ती आईने पाहिली होती की काय, हे मला कधी समजले नाही.

रोज सकाळी मी शीतकपाटाचे दार लावले की ती आतून विचारते, "आज किती रे?"

"पाच," मी म्हणतो.

"बरं," ती म्हणते, आणि टोचून घेण्यासाठी बाही वर सारते.